दंड नको, शिस्तही नको. मग रस्ता सुरक्षित कसा होणार?

१२ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत प्रश्नोत्तराच्या तासाला केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री आणि नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी जे सांगितले, ते सत्ताधारी मंत्र्याच्या तोंडून सहसा ऐकायला मिळत नाही. खात्याची सूत्रे हाती घेतली तेव्हा २०२४ पर्यंत रस्ते अपघात निम्म्याने कमी करण्याचे उद्दिष्ट आपण ठेवले होते. पण अपघात कमी होणे दूरच, उलट ते वाढले, हे मान्य करण्यात आपल्याला संकोच नाही, असे त्यांनी सभागृहात सांगितले. रस्ते अपघातांवरील आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये गेल्यावर तोंड लपवण्याची वेळ येते, अशीही कबुली त्यांनी दिली. आपण स्वतः कुटुंबासह महाराष्ट्रात मोठ्या अपघातात सापडलो होतो आणि दीर्घकाळ रुग्णालयात होतो, या अनुभवाचा उल्लेखही त्यांनी केला.

या निवेदनाच्या अवघ्या तेरा दिवस आधी, २९ नोव्हेंबर २०२४ रोजी, भंडाऱ्याहून गोंदियाकडे निघालेली राज्य परिवहन महामंडळाची शिवशाही बस गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यात डव्वा गावाजवळ उलटली होती. अकरा प्रवाशांचा मृत्यू झाला. समोर आलेल्या दुचाकीस्वाराला वाचवण्याच्या प्रयत्नात, वळणावर, भर दुपारी ही दुर्घटना घडली. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना दहा लाख रुपयांची मदत जाहीर केली, चौकशीचे आदेश निघाले आणि चार दिवसांत वृत्तपत्रांची पाने पुन्हा मुंबईतील सत्तास्थापनेच्या बातम्यांनी भरून गेली.

संसदेतील ती कबुली आणि डव्व्याजवळची ती बस यांचा एकत्र विचार करण्याची गरज आहे. कारण रस्ता सुरक्षेवर दिल्लीत काय बोलले जाते आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात प्रत्यक्षात काय घडते, यांतील अंतर हाच खरा प्रश्न आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्या वर्षी हा आकडा १ लाख ७२ हजारांवर गेला. महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा हजारांहून अधिक जीव रस्त्यावर जातात. एखाद्या युद्धात एवढी जीवितहानी झाली असती तर देश हादरून गेला असता. रस्त्यावरचा मृत्यू मात्र एकेकट्याने, दोघादोघांनी येतो आणि म्हणून तो फक्त त्या घरापुरता उरतो.

याच आकडेवारीत आणखी काही गोष्टी दडलेल्या आहेत. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या सुमारे दोन टक्के. पण २०२२ मधील मृत्यूंपैकी ३६ टक्के मृत्यू याच महामार्गांवर झाले. मृत्यूंचा दोन तृतीयांशांहून अधिक वाटा ग्रामीण भागाचा आहे. मरणाऱ्यांत सर्वाधिक संख्या दुचाकीस्वारांची आणि त्याखालोखाल पादचाऱ्यांची. त्या वर्षी हेल्मेट न घातल्यामुळे पन्नास हजारांहून अधिक आणि सीटबेल्ट न लावल्यामुळे सोळा हजारांहून अधिक लोक दगावले. म्हणजे रस्ते अपघात हा केवळ महानगरांतील श्रीमंतांच्या वेगवान मोटारींचा प्रश्न आहे, हा समज चुकीचा आहे. हा प्रश्न शेतकऱ्याच्या दुचाकीचा, महामार्ग ओलांडणाऱ्या शाळकरी मुलीचा आणि एसटीची वाट पाहून कंटाळलेल्या प्रवाशाचा आहे.

भंडारा जिल्ह्याचे चित्र या वर्णनाशी तंतोतंत जुळते. जुन्या पिढीला महामार्ग क्रमांक सहा म्हणून परिचित असलेला आणि आता त्रेपन्न क्रमांकाने ओळखला जाणारा नागपूर-रायपूर महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली ही गावे ओलांडत जातो. त्यावर परराज्यांतील अवजड मालवाहतूक अहोरात्र सुरू असते. वैनगंगेची रेती वाहणारे टिप्पर, तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणींची वाहतूक आणि हंगामात धान भरून निघालेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, हे सारे त्याच रस्त्यांवर असते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टीतील नाटके रात्रभर रंगतात. पहाटे डोळ्यांवर झोप घेऊन, एका दुचाकीवर तिघे बसून घरी परतणारे प्रेक्षक लाखांदूर-साकोलीच्या वाटेवर दिसतात. या जिल्ह्यात वाहतुकीचे धोरण आखायचे तर ते ही वस्तुस्थिती ध्यानात घेऊनच आखावे लागेल.

कायद्याची कुळकथा

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात मूलभूत सुधारणा करणारे विधेयक गडकरी यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये लोकसभेत मांडले. देशातील तीस टक्के वाहन परवाने बोगस आहेत, असे ते त्या काळात जाहीरपणे सांगत असत. लोकसभेने एप्रिल २०१७ मध्ये विधेयक संमत केले, परंतु राज्यसभेत ते अडकले आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपताच व्यपगत झाले. राज्यांच्या अधिकारांवर गदा येते, असा आक्षेप होता. आक्षेप घेणे हा विरोधकांचा अधिकारच आहे. मात्र त्या दोन वर्षांत रस्त्यावर गेलेल्या जिवांचा हिशेब कोणत्याही सभागृहाच्या कामकाजात नोंदला गेला नाही.

१८ जून २०१९ रोजी साकोलीहून लाखांदूरकडे निघालेली काळीपिवळी कुंभलीजवळ चुलबंद नदीच्या पुलावरून खाली कोसळली. सहा प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर महिनाभराने, २३ जुलै रोजी, हेच विधेयक लोकसभेने नव्याने संमत केले. राज्यसभेची संमती ३१ जुलैला मिळाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून नव्या दंडाच्या तरतुदी अंमलात आल्या. मद्यपान करून वाहन चालवल्यास दहा हजार रुपये, हेल्मेट नसल्यास एक हजार रुपये आणि तीन महिने परवाना निलंबन, अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन दिल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास, अशा त्या तरतुदी होत्या.

यापुढची कथा कटू आहे. सप्टेंबर २०१९ च्या दुसऱ्याच आठवड्यात गुजरात सरकारने अनेक दंडांच्या रकमा कमी केल्या. महाराष्ट्रात विधानसभा निवडणूक तोंडावर होती. तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला पत्र पाठवून फेरविचाराची मागणी केली आणि नव्या दंडाची अंमलबजावणी थांबवली. गुजरातेत भाजपचे सरकार होते आणि महाराष्ट्रात भाजप-शिवसेना युतीचे. काँग्रेसची राज्य सरकारे आणि पश्चिम बंगाल यांनीही हेच केले, हे खरे. पण दुसऱ्याने केले म्हणून स्वतःची चूक धुतली जात नाही. एका स्वयंसेवक मंत्र्याने तीन वर्षे झगडून संमत करून घेतलेला कायदा त्याच्याच विचारांच्या राज्य सरकारांनी दहा दिवसांत सैल केला, ही गोष्ट परिवारातील कार्यकर्त्यांनी नजरेआड करता कामा नये. महाराष्ट्रात सुधारित दंड लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला, आणि तोही वेगळ्या आघाडीच्या सरकारच्या काळात.

दंडाचा हेतू सरकारी तिजोरी भरण्याचा नाही, जीव वाचवण्याचा आहे, ही गडकरी यांची त्या वेळची भूमिका होती. तिचा प्रतिवाद कोणीही केला नाही. लोक नाराज होतील, एवढेच सर्वपक्षीय उत्तर होते. मतदाराची नाराजी आणि मतदाराचा जीव यांपैकी एकाची निवड करायची वेळ आली, तेव्हा बहुतेक लोकप्रतिनिधींनी नाराजी टाळणे पसंत केले, असाच याचा अर्थ होतो.

नवी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली तेव्हाही हेच घडले. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद असलेले कलम, जानेवारीतील मालमोटार चालकांच्या संपानंतर, बाजूला ठेवण्यात आले. चालकांची भीती अगदीच निराधार नव्हती. अपघातस्थळी थांबले तर जमाव मारहाण करतो, हा त्यांचा अनुभव आहे. परंतु जमावाच्या मारहाणीवरचा उपाय पोलिसांनी करायचा की जखमीला रस्त्यावर तडफडत ठेवून पळून जाण्याची मुभा द्यायची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

दंड एकट्या नागरिकालाच का?

दंडाला विरोध करणाऱ्यांचा एक युक्तिवाद मात्र विचारात घेण्यासारखा आहे. रस्त्यात खड्डे, वळणावर फलक नाही, पुलाला भक्कम कठडा नाही, महामार्गाच्या कडेला चालायला जागा नाही. अशा रस्त्यावर सामान्य माणसाकडूनच तेवढी शिस्तीची अपेक्षा का करावी? रस्ता बांधणाऱ्याला कोणी विचारायचे?

याचे उत्तर याच कायद्यात आहे. कलम १९८-अ अन्वये रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार केली नाही आणि त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवले, तर संबंधित अधिकारी, सल्लागार व कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सदोष प्रकल्प अहवालांवर खुद्द गडकरी यांनी अनेकदा जाहीर टीका केली आहे. घरात बसून नकाशे काढणारे सल्लागार आणि त्यांवर डोळे झाकून सही करणारे अभियंते हे अपघातांचे मोठे कारण आहेत, असा त्यांच्या टीकेचा आशय असतो. टीका योग्यच आहे. मात्र टीका करणारा त्या खात्याचा मंत्रीच असेल, तर जनतेची अपेक्षा टीकेपुरती मर्यादित राहत नाही. हेल्मेट नसलेल्या शेतकऱ्याच्या हातात चौकात पावती पडते. वळण चुकवणाऱ्या अभियंत्याच्या हातात ती कधी पडणार, हा भंडाऱ्याच्या नागरिकाचा प्रश्न रास्त आहे.

रस्ते बांधणीचे यश दररोज किती किलोमीटर रस्ता झाला, यावर मोजण्याची सवय गेल्या काही वर्षांत लागली आहे. हे यश मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. लाखनी आणि साकोली येथील उड्डाणपुलांमुळे गावातील रस्त्यांवरची जड वाहतूक वरून निघून जाऊ लागली. मोहघाट्याच्या जंगलात वन्यप्राण्यांसाठी महामार्गाखालून वाट ठेवण्यात आली. वाघाला आणि सांबराला रस्ता ओलांडता यावा म्हणून जी दक्षता घेतली गेली, तीच शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक गावाच्या फाट्यावर घेतली जाते का, हेही तपासले पाहिजे. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो आणि वेग वाढला की तो ओलांडणाऱ्याचा धोका वाढतो. म्हणून किती किलोमीटर बांधले याच्या शेजारी, त्या किलोमीटरवर किती माणसे मेली, हा आकडाही छापला गेला पाहिजे. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ बस पेटून पंचवीस प्रवासी होरपळून मेले. तोच महामार्ग पुढे भंडारा-गोंदियाकडे वाढवण्याची योजना असताना तर हे अधिकच आवश्यक ठरते.

स्वीडनने १९९७ मध्ये रस्त्यावर एकही मृत्यू होऊ नये, हे धोरण संसदेत स्वीकारले. माणूस चुकणारच, त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये अशा रीतीने रस्ता बांधला पाहिजे, हे त्यामागचे सूत्र. महाराष्ट्रातही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ नंतर अशाच दृष्टीने धोक्याच्या जागा शोधून कठडे, फलक, गस्त आणि तातडीचे उपचार यांची सांगड घातली गेली, तेव्हा पुढील काही वर्षांत मृत्यूंची संख्या लक्षणीय घटली. म्हणजे हे काम आपल्या राज्यात होऊ शकत नाही, असे नाही.

खासदारांचे काम दिल्लीत संपत नाही

रस्ता सुरक्षेवर लोकप्रतिनिधीने मत मांडावे ते केवळ सभागृहात, असा समज आहे. वस्तुतः प्रत्येक जिल्ह्यात खासदारांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असावी, अशी व्यवस्था केंद्रीय मंत्रालयाने केली आहे. जिल्हाधिकाऱ्यांची वेगळी समितीही असते. पोलीस, परिवहन अधिकारी, सार्वजनिक बांधकाम विभाग, महामार्ग प्राधिकरण आणि आरोग्य विभाग यांना एका टेबलाभोवती बसवण्याचा अधिकार अशा रीतीने लोकप्रतिनिधीच्या हाती आहे. भंडारा-गोंदिया मतदारसंघाचे प्रतिनिधित्व २०१९ ते २०२४ या काळात भाजपचे सुनील मेंढे यांनी केले. २०२४ मध्ये काँग्रेसचे डॉ. प्रशांत पडोळे निवडून आले. पक्ष कोणताही असो, या समितीने काय केले याचा हिशेब मागण्याचा हक्क मतदाराला आहे.

हिशेब मागायचा तो नेमका मागावा. तीन वर्षांत सुमारे पाचशे मीटरच्या पट्ट्यात पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा अपघातप्रवण क्षेत्र ठरते, अशी केंद्राची व्याख्या आहे. जिल्ह्यातील अशा जागांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर का लागू नये? त्यांपैकी कोणत्या जागेवर काय दुरुस्ती झाली आणि कोणती कोणत्या खात्याकडे अडली, हे वर्षातून दोनदा जाहीर का होऊ नये? रेतीचे टिप्पर क्षमतेपेक्षा अधिक भार घेऊन धावतात, तेव्हा रस्ता फुटतो आणि ब्रेकही लागत नाहीत. त्या वाहतुकीमागील हितसंबंधांना हात घालण्याची तयारी कोणता आमदार दाखवणार?

कुंभलीच्या दुर्घटनेतून मिळणारा धडा तर दंडाच्या पलीकडचा आहे. माणसे खासगी गाडीत दाटीवाटीने बसतात ती हौस म्हणून नव्हे. वेळेवर एसटी मिळत नाही म्हणून बसतात. गावखेड्यात पुरेशा, सुस्थितीतील आणि वेळेवर धावणाऱ्या बस पुरवणे हाच रस्ता सुरक्षेचा मोठा कार्यक्रम आहे. एसटीला तोट्यातील महामंडळ म्हणून पाहण्याऐवजी जीव वाचवणारी सेवा म्हणून पाहिले, तर अंदाजपत्रकातील तिचा वाटाही वेगळ्या दृष्टीने ठरेल. शिवशाहीच्या दुर्घटनेनंतर चौकशी कोणा एका चालकावर येऊन संपू नये. चालकाची विश्रांती, गाडीची देखभाल आणि त्या वळणाची रचना या तिन्हींची उत्तरे त्या अकरा कुटुंबांना मिळायला हवीत.

उपचारांच्या बाबतीत एक आशादायक पाऊल पडले आहे. कायद्यातील कलम १६२ नुसार अपघातग्रस्ताला पहिल्या मोलाच्या तासात विनारोकड उपचार मिळावेत, अशी तरतूद २०१९ पासून होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कानउघाडणी केल्यावर मे २०२५ मध्ये योजना अधिसूचित झाली. त्यानुसार सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार विनारोकड मिळू शकतात. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला कलम १३४-अ चे संरक्षण आहे. त्याच्यामागे चौकशीचा ससेमिरा लावता येत नाही. ही माहिती लाखांदूर वा पवनीच्या शेवटच्या गावापर्यंत पोहोचवणे हे काही केवळ सरकारचे काम नव्हे.

नागरिक कर्तव्याची कसोटी

संघाने शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनांत नागरिक कर्तव्याचा समावेश आहे. या कर्तव्याची सर्वात साधी परीक्षा रस्त्यावर होते. त्यासाठी आधी घरातूनच सुरुवात करावी लागेल. वर्षप्रतिपदेच्या शोभायात्रेत, विजयाच्या मिरवणुकीत, नेत्याच्या स्वागतासाठी निघणाऱ्या दुचाकी फेरीत डोक्याला भगवा फेटा असतो, हेल्मेट नसते. पुढे झेंडा धरलेला तरुण, मागे आणखी दोघे आणि बाजूला उभा असलेला पोलीस, हे दृश्य पाहणाऱ्या शाळकरी मुलाच्या मनावर कोणता संस्कार होतो? राष्ट्रासाठी प्राण देण्याची भाषा बोलणाऱ्याने आपला प्राण एका चौकात, बेफिकिरीपायी गमवावा, यात राष्ट्राचे हित काहीच नाही.

ग्रामीण महाराष्ट्राच्या आशा ज्यांच्याशी जोडल्या गेल्या होत्या, ते गोपीनाथ मुंडे केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेतल्यानंतर अवघ्या आठ दिवसांत, ३ जून २०१४ रोजी, दिल्लीत मोटार अपघातात गेले. ते मागच्या आसनावर बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्या दिवशी हळहळलेल्या लाखो कार्यकर्त्यांपैकी किती जणांनी त्यानंतर मागच्या आसनावर पट्टा लावण्याची सवय स्वतःला लावली? श्रद्धांजलीच्या सभा पुष्कळ झाल्या. या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यायचे आहे.

शाखेच्या, मंडळाच्या, महिला समितीच्या पातळीवर करता येण्याजोगी कामे थोडी नाहीत. हंगामापूर्वी गावातील प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे परावर्तक पट्टी लावणे, मंडई आणि नाटकाच्या रात्री गावाबाहेर स्वयंसेवक उभे करणे, अठरा वर्षांखालील मुलाला गाडीची किल्ली देणार नाही असा निर्धार कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत करणे, गावातील चार तरुणांना प्रथमोपचार शिकवणे. यांपैकी एकाही कामाला सरकारी निधी लागत नाही. आणि हे करणाऱ्या कार्यकर्त्याला मगच खासदाराच्या दारात जाऊन, पुलाचा कठडा कधी होणार, असे ठणकावून विचारण्याचा नैतिक अधिकार मिळतो.

लोकसभेत अपयश मान्य करणाऱ्या मंत्र्याचे कौतुक जरूर व्हावे. तेवढ्यावर थांबणे मात्र त्या कबुलीचा अवमान ठरेल. २०२० च्या स्टॉकहोम परिषदेत जगाने पुन्हा उद्दिष्ट ठरवले आहे आणि त्यानुसार २०३० पर्यंत रस्त्यावरचे मृत्यू निम्मे करायचे आहेत. हे उद्दिष्ट दिल्लीत गाठले जाणार नाही. ते साकोलीच्या बसस्थानकावर, चुलबंदेच्या पुलावर आणि डव्व्याच्या त्या वळणावर गाठावे लागेल. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, त्याचा पक्ष न विचारता, या तीन जागांबद्दल प्रश्न विचारला गेला, तर त्याची सुरुवात भंडाऱ्यातूनच होऊ शकेल.